सी हॉक आणि टी-जॉइंट

गेल्या रविवारी सकाळी माझ्या टेबलावर भारतीय नौदलाचे एक लढाऊ विमान शेपटीवर बसले. एकटा असतो तर मी ते मुकाट्याने उचलून कपाटात ठेवले असते आणि दुपारच्या झोपेनंतर विसरूनही गेलो असतो. परंतु ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या समक्ष बसले, आणि त्यांनी त्याचे कारणही अचूक सांगितले, हे मला अजून पचलेले नाही.

विमान म्हणजे सी हॉकची प्रतिकृती, मूळ विमानाच्या एक बहात्तरांश, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर. सी हॉक जन्माने ब्रिटिश. परंतु १९६१ साली विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली तेव्हा तिच्या डेकवरचे लढाऊ विमान हेच होते, आणि १९७१ च्या डिसेंबरात याच विमानांनी विक्रांतवरून जाऊन कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. एवढा पराक्रम ज्यांना काही दिवसांत साधला त्यांची प्रतिकृती जोडायला मला आठ महिने लागले. त्यातल्या दोन संध्याकाळी तर शेपटीखालचा, डेकवरची तार पकडणारा आकडा शोधण्यात गेल्या. तो चिमट्यातून सुटला आणि पलंगाखाली गडप झाला. मी बॅटरी घेऊन पालथा पडलो, तेव्हा आकडा नव्हे, तर पत्नीच्या कुडीची वर्षभरापूर्वी हरवलेली फिरकी सापडली. "चला, तुमच्या विमानाचा एवढा तरी उपयोग झाला," असे म्हणून ती फिरकी घेऊन गेली. आकडा शेवटी मी टाचणी वाकवून केला.

सेक्रेटरी आले होते ते विमान पाहायला नव्हे. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून झिरपणारे पाणी दोन पावसाळे माझ्या टेबलावरच्या छताच्या कोपऱ्यात उतरत आहे, आणि तिथल्या रंगाचे पोपडे मी पंखावर चढवलेल्या ओल्या रंगावर अगदी नेम धरून पडतात. याबद्दल मी सात लेखी अर्ज केले होते. सातव्या अर्जावर सेक्रेटरी स्वतः पाहणीसाठी आले, काखेत तक्रारींचे रजिस्टर आणि खिशाला दोन पेने अशा थाटात. छताकडे त्यांची नजर जाणार, इतक्यात ती वाटेत टेबलावर अडली.

"हे काय, जेट?" त्यांनी विमान माझ्या हातातून काढून घेतले, उलटे केले, शेपटीकडून डोळ्यासमोर धरले आणि विलक्षण गंभीर होऊन म्हणाले, "अहो, याला मागे भोकच नाही."

मी सांगितले, की सी हॉकची मौज हीच आहे. आत नीन नावाचे एकच इंजिन असते, त्याची धुराड्याची नळी पोटात दुभंगते, आणि तिची दोन तोंडे पंख जिथे अंगाला चिकटतात तिथे मागच्या बाजूला, डावीउजवीकडे उघडतात.

"म्हणजे इंजिने दोन."

"नाही, इंजिन एकच. नळीला फाटे दोन."

ते क्षणभर स्तब्ध राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्याला परक्या गावात शाळासोबती भेटावा तसा आनंद पसरला. "टी-जॉइंट!" ते म्हणाले. "मग सरळ सांगा ना! पण टी-जॉइंट गळतो. आपल्या बी विंगमध्ये तीन वेळा बदलला. हा कोणी बसवला होता?"

मी म्हणालो, की हॉकर कंपनीच्या अभियंत्यांनी तो मुद्दाम तसा योजला होता. नळी मागपर्यंत न्यावी लागली नाही, त्यामुळे मागच्या भागात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. हे सांगायला नको होते.

"गरम पाइपच्या मागे इंधनाची टाकी? याला परवानगी कोणी दिली?"

"ब्रिटिश नौदलाने."

"लेखी?"

मी लेखीच असणार असे सांगितले. त्यावर त्यांनी मान डोलावली, परंतु समाधान झाल्याचे दिसले नाही. नंतर टाचणीचा आकडा बोटाने हलवून पाहिला आणि हा खिळा उगीच बाहेर राहिला आहे असे सुचवले. विक्रांतचे नाव निघाल्यावर मात्र ते हळवे झाले. मुंबईत ती संग्रहालय होती तेव्हा ते मुलांना घेऊन गेले होते आणि धाकट्याला जिन्यावर चक्कर आली होती. १९९७ साली निवृत्त झालेले ते जहाज २०१४ मध्ये भंगारात विकले गेले, हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "देखभाल निधी कमी पडला असणार." या माणसाशी माझे एकमत व्हावे, तेही विक्रांतवर, हे मला मुळीच आवडले नाही. तेवढे मोठे जहाज राखता येत नाही आणि माझ्या छताचा एक कोपरा राखता येत नाही, यात मला फार अंतर वाटत नाही. परंतु ते मी बोललो नाही, कारण विमान त्यांच्या हातात होते.

ते परत मिळावे म्हणून मी म्हणालो, की आजच चाके बसवली आहेत, टेबलावर उभे करून पाहू. त्यांनी स्वतःच्या हाताने उभे केले. सी हॉकचे एक चाक नाकाखाली आणि दोन मागे असतात. तीनही चाके टेबलाला टेकली, विमान अर्धा क्षण विचारात पडल्यासारखे थांबले, आणि मग नाक वर करून सावकाश शेपटीवर बसले. टाचणीचा आकडा कर्रकन वाकला.

"मागे वजन जास्त झाले," सेक्रेटरी म्हणाले. "मी म्हणत होतो ना, टाकी मागे नको."

टाकी त्यात नव्हतीच. दोष माझा होता. पुढे चाक असलेल्या विमानाच्या नाकात शिशाचे मणी किंवा तत्सम काही भरून मगच अंगाचे दोन अर्धभाग चिकटवायचे असतात. तसे सूचनापत्रावर नाकाकडे बाण काढून छापलेही होते. मी मणी आणून वाटीत ठेवले होते आणि वाटी खिडकीत ठेवून फेब्रुवारीतच दोन्ही भाग डिंकवले होते. वाटी अजून तिथेच होती. सेक्रेटरींनी ती पाहिली, आतला एक मणी उचलून तळहातावर जोखला, आणि काही न बोलता परत ठेवला. ते बोलले असते तर बरे झाले असते.

"नाकाला भोक पाडा आणि एम-सील भरा," ते उठता उठता म्हणाले. "तसेही याला कुठेतरी भोक हवेच."

दारात उभे राहून त्यांनी रजिस्टर उघडले, माझा सातवा अर्ज क्रमांक शोधला, दुसऱ्या पेनाने त्यासमोर काही लिहिले आणि सहीसाठी माझ्यापुढे धरले. त्यांचे अक्षर चांगले आहे. "प्रत्यक्ष पाहणी केली. गळती आढळली नाही. मागील बाजूस वजन जास्त."