दवाखान्यात जायचंय? आधी तब्येत कमवा

दवाखान्यात जायचं तर अंगात ताकद हवी. आजारी माणसाचं ते काम नाही.

दहाची वेळ मिळाली असेल तर पावणेदहालाच हजर व्हा. डॉक्टर साडेअकराला येतात, पण तुम्ही दहा-पाचला पोचलात तर तुमचा नंबर जातो. काउंटरवरच्या मॅडम फोनवर असतील. समोर नुसतं उभं राहायचं. खोकल्यासाठीच आला असलात तरी खोकायचं नाही. त्या मान वर न करता पेनाच्या टोपणाने खुर्ची दाखवतील. मग फोन संपला की भरल्या खोलीत खणखणीत आवाजात विचारतील, "काय होतंय?" मूळव्याध असली तरी तेवढ्याच आवाजात सांगा. शेजारचे चारजण लगेच उपाय सुचवतात, म्हणजे आत जायच्या आधीच सेकंड ओपिनियन झालं.

"अजून किती वेळ?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "तुमच्या आधी दोनच आहेत." तासाभराने पुन्हा विचारा, तेव्हाही दोनच असतात. टाय लावलेले, बॅगवाले औषध कंपन्यांचे लोक मधेच आत जातात. ते आजारी नसतात, त्यांना घाई असते. तुम्ही मात्र बाथरूमलाही जाऊ नका. नाव नेमकं तेव्हाच पुकारतात.

आत काय बोलायचं याची तालीम बाहेरच करून ठेवा. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेत डॉक्टर-रुग्णांची संभाषणं टेप करून तपासली, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मधेच तोडत होते. तेव्हा "त्याचं असं झालं डॉक्टर, परवा रात्री..." असली प्रस्तावना नको. थेट अवयवाचं नाव घ्या.

आता बीपी. पुस्तकात लिहिलंय की रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर आणि तोंड बंद. बाहेर दोन तास बसलात ते या पाच मिनिटांत धरत नाहीत. तुम्ही नाव ऐकून धावत आलेले, पट्टा बाहीवरून, हात अधांतरी, वर प्रश्नोत्तरं चालूच. मघाशी बाथरूम टाळलंत ना, तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. वरचा १५० निघाला की डॉक्टर विचारतील, "टेन्शन फार घेता का?" "इथे आल्यावरच घेतो," असं म्हणू नका. डॉक्टरला बघून वाढणाऱ्या बीपीला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' असं रीतसर नाव आहे. काउंटरला बघून वाढणाऱ्याला अजून नाव नाही. तोवर गोळी घ्या.

चिठ्ठी घेऊन बाहेर याल, मागे दार लागेल आणि नेमका तेव्हाच गुडघा आठवेल, ज्याच्यासाठी मुळात आला होतात. पुन्हा आत डोकावायचं नाही हं, वाईट दिसतं. काउंटरवर जा. मॅडम फोनवर असतील. टोपण खुर्चीकडे वळेल. बसा. तुमच्या आधी दोनच आहेत.