कुकरच्या शिट्टीसह माझं पहिलं गाणं

गाणं लिहायला दोन संध्याकाळी लागल्या, चाल आंघोळ करताना सुचली, आणि रेकॉर्डिंगला लागले साडेतीन आठवडे. कारण डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये शांतता फक्त मध्यरात्रीनंतर मिळते आणि तेव्हा गायलो की आई आतून उशी फेकते.

तर नवीन गाणी लिहिणाऱ्यांनो, आधी माइक घ्यायला धावू नका, मोबाईल चालतो, खोली सुधारा. मोकळ्या भिंतींवरून आवाज उलटून येतो आणि आपण बाथरूममधून गातोय असं वाटतं, म्हणून मी कपाट उघडून आईच्या साड्यांसमोर उभा राहिलो, डोक्यावरून आजीची गोधडी घेतली (खरंच काम करते हो, तो महागडा फोम राहू द्या), मोबाईल तोंडापासून एक वीत लांब आणि जरा तिरका, नाहीतर 'प'ला फटाके फुटतात, आणि माझ्या मुखड्यातच 'पुन्हा पुन्हा' होतं. पंखा बंद. मे महिना. सगळ्यात भारी टेक चालू असताना बाबा आत आले, गोधडीकडे बघितलं आणि म्हणाले, "वाफ घेतोयस होय? ओवा टाक त्यात."

ब्लूटूथ हेडफोन लावून गाऊ नका, त्यात आवाज उशिरा पोचतो. मला दोन दिवस वाटत होतं मी तालात कच्चा आहे. आहेच, पण एवढा नाही. वायरवाला घ्या. आणि ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे ते) आवाजाची लाट वर टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही, त्यामुळे सगळ्यात मोठी तान उणे 6 डेसिबलच्या आसपासच राहू दे (0 म्हणजे अगदी वरची कड). जोरात ऐकू यावं म्हणून ठासून भरण्यातही अर्थ नाही, यूट्यूब जास्त मोठी गाणी स्वतःच खाली आणतं.

मग शेअरिंग. आमचे एक काका म्हणाले आधी रजिस्टर कर, चोरतील. काका, गाणं लिहून झालं की कॉपीराइट आपलाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि चोरायला आधी कुणीतरी ऐकावं लागतं.

मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. डॉक्युमेंट म्हणून टाका बरं का, व्हॉइस नोट केली की आवाजाचा पार चोथा होतो. गाणं 3 मिनिटं 12 सेकंदांचं, मामाचा अंगठा नवव्या सेकंदाला. आत्याने मात्र पूर्ण ऐकलं, लिहिलं, "छान! अंतऱ्यात तीन शिट्ट्या झाल्या, राजमा होता का?" मग मित्राला पाठवलं. 'कसं वाटलं' विचारलं की सगळे 'भारी' म्हणतात, म्हणून नेमकं विचारलं, दुसऱ्या कडव्यातले शब्द कळले का? म्हणाला, "तिथपर्यंत पोचलो नाही रे अजून."

यूट्यूबवर तीन दिवसांत एकूण 14 व्ह्यूज, त्यातले 6 माझे.

चौथ्या दिवशी जिन्यात शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन वर चढत होत्या, गुणगुणत. माझा मुखडा! मी कान टवकारले तर शेवटची ओळ त्या वरच्या सुरात नेत होत्या, जशी मी पहिल्या आठवड्यात गायचो, नंतर जमेना म्हणून बदलली ती.

"काकू, ते आता तसं नाहीये, खाली येतं."

"माहितीये," काकू म्हणाल्या, "भिंतीतून सगळं ऐकू येतं. पण आधीचंच बरं होतं की रे, का बदललंस?"

घरी येऊन मी गोधडी पुन्हा काढली.