रॉकेटचे तिरके सिलिंडर आणि फोटोतलं काळं इंजिन : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन. स्टीफन्सनच्या 'रॉकेट' या जुन्या वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या माझ्या चित्रात सिलिंडर तिरके आहेत, जतन केलेल्या इंजिनावर मात्र जवळजवळ आडवे. गोवा-कर्नाटकातल्या मुरगाव-कॅसल रॉक रेल्वेमार्गावरचं इंजिन जुन्या फोटोत काळं दिसतं, मग मी ते राखाडी का ठेवलं. आणि त्याच फोटोवर मोजलं तर माझ्या आकृतीची लांबी जुळत नाही.

पहिल्यात चूक माझी, पण ती चित्रात नाही, चित्राखालच्या ओळीत आहे. तिथे '१८२९' लिहायला हवं होतं. त्या वर्षी इंग्लंडमधल्या रेनहिलला झालेल्या इंजिनांच्या चाचणीत उतरलेल्या रॉकेटचे सिलिंडर सुमारे ३८ अंशांत कललेले होते. दट्ट्याचा (पिस्टनचा) जोर अर्धामुर्धा वर-खाली जायचा आणि इंजिन स्प्रिंगांवर डुलायचं. म्हणून पुढे ते सुमारे ८ अंशांवर आणले. तुम्ही पाहिलंत ते हे बदललेलं रूप.

रंगाचं मात्र पटत नाही. १८५१ नंतर फोटोसाठी वापरात आलेल्या कलोडियन काचा (रसायन लावलेल्या काचेच्या पट्ट्या) प्रामुख्याने निळा-जांभळा प्रकाश टिपत. लाल रंग त्यांवर काळा उमटे, फिकट निळा पांढुरका. म्हणजे फोटोतला काळा हा लालही असू शकतो. त्यात कारखाने अधिकृत फोटोसाठी नवं इंजिन मुद्दाम बिनचकाकीच्या राखाडी रंगात रंगवत, रेषा उठून दिसाव्यात म्हणून. फोटो झाला की खरा रंग. तेव्हा काळा-पांढरा फोटो रंगाचा पुरावा धरू नये. मी राखाडी ठेवला तो एवढ्यासाठीच.

आता मोजमाप. फोटो थोडा समोरच्या कोनातून आहे, त्यामुळे लांबी आखडते, उंची नाही. चाक लंबगोल दिसतं ना? त्याची उंची आणि रुंदी मोजा. उंची २४ मिमी आणि रुंदी १८ मिमी आली, तर त्या जागची आडवी मापं २४/१८ ने गुणायची. जवळच्या चाकाचा गुणक लांबच्या चाकाला लावू नका, दर चाकाला वेगळा काढा. इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. आणि इंजिनाच्या जुन्या निळ्या नकाशावर (ब्लूप्रिंटवर) पट्टी ठेवून मोजायचं असेल तर जपून. तो कागद पाण्यात धुतलेला असतो, वाळताना आकसतो, तेही दोन दिशांना सारखा नाही. आकडा लिहिलेला असेल तर तोच घ्या, नाहीतर कागदावर छापलेल्या मोजपट्टीवरून हिशेब करा.

तुम्ही जोडलेला दुसरा फोटो 'कुळे, जुना काळ' म्हणून दिलाय. कुळे हे याच मुरगाव-कॅसल रॉक मार्गावरचं स्टेशन. त्या वाफेच्या इंजिनाला पुढे दोन बाजूंना दोन बफर (डबे टेकताना धक्का झेलणारे दांडे) आहेत. नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत हा मार्ग मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) होता आणि आपल्याकडच्या मीटरगेज गाड्यांना बफर मधोमध एकच असतो. ते इंजिन ब्रॉडगेजचं (जास्त रुंद रुळांचं) आहे, कुळ्याचं नव्हे.