अर्ध्या तासात सगळं बघून होईल म्हणे

सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच ग्रुपवर पाणथळीतल्या सहलीचा फोटो. पाणकणसांच्या गर्दीत आडवी घुसलेली आमची कनू (वल्ह्यांची अरुंद होडी), पुढे आमच्या मोठ्या जाऊबाई, मागे मी, दोघींची वल्ही हवेत. खाली लिहिलंय 'कासव गट'. हसले मी, खोटं कशाला बोलू. मग त्याच्याखालचा मेसेज वाचला : 'पुढच्या वेळी मोटारबोटच करू, अर्ध्या तासात सगळं बघून होईल.' त्यावर अकरा अंगठे. तिथे माझं डोकं फिरलं.

सगळं म्हणजे काय हो?

सहल ठरवताना 'निवांत' हा शब्द याच मंडळींनी तीनदा लिहिला होता. पाण्यात उतरल्यावर पहिल्याच वळणाला शर्यत! एका कनूत तर स्पीकर. पुढे वारकरी होते (पक्षी हो, काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले), ती अख्खी दिंडी पाण्यावरून धावत सुटली. मागून येणाऱ्या आम्हाला मिळाल्या नुसत्या लाटा. आणि आम्ही अडकलो तेव्हा फोटो काढायला एकजण थांबला, ओढून काढायला कुणी नाही.

बरं, अडकलो का? जाऊबाई उजवीकडून दणादण वल्हवत होत्या. मागे बसणाऱ्याने दिशा सांभाळायची असते, ती मी सांभाळली नाही. मीही उजवीकडूनच मारत राहिले, मग कनू डावीकडे जाणार नाही तर कुठे? थेट पाणकणसांत. वल्ह्याने ढकलायला गेले तर चिखलातून बुडबुडे आणि कुजक्या अंड्यांचा वास. त्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून मेलेला पाला पुरता कुजत नाही, वर्षानुवर्षं साचत राहतो. मोटारबोटीचा पंखा उथळ पाण्यात हाच गाळ ढवळून वर आणतो. पण आपल्याला काय, आपण अर्ध्या तासात घरी!

तर, अडकलेल्या त्या दहा मिनिटांत जाऊबाईंच्या नाकासमोर एक देठ होता आणि देठाला चिकटलेली चतुराची कात. पाय अजून देठाला धरून, पाठीवर सरळ चीर, चिरेतून बाहेर आलेले पांढरे बारीक दोरे. मी म्हटलं, ताई, हे पिल्लू कित्येक महिने पाण्याखाली असतं, काही जातींत तर वर्षानुवर्षं, मग एक दिवस वर चढतं, पाठ फोडून बाहेर येतं आणि उडून जातं. ते दोरे म्हणजे त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर. जाऊबाई वाकून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "गेला, आणि कपडे तसेच टाकून गेला. आमच्या घरातलाच दिसतोय."

ज्यांना वल्हवणं झेपत नाही, गुडघे दुखतात, त्यांनी मोटारबोटीने जावं, मान्य. पण त्या अकरांतल्या कुणाचे गुडघे दुखतात? शर्यतीत तर दुखत नव्हते.

टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं पाण्यावर तरंगतं, ओल्या पाल्याचा नुसता ढीग. उठून जाताना ती अंड्यांवर पाला ओढून जाते, कुणाला दिसू नयेत म्हणून. मोटारबोटीच्या लाटेपासून ती काय झाकणार? १९७१ साली इराणमधल्या रामसरला पाणथळींसाठी करार झाला, म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस असतो. त्या दिवशी स्टेटसला बगळा ठेवणारे कोण? हेच अंगठेवाले.

जाऊ दे. फार चढला आवाज.

आणि आता चिडून झालंय तर हेही सांगते. पहिल्या वळणाला "चला ताई, गाठू त्यांना" असं म्हणणारी मीच होते. जाऊबाई दणादण वल्हवत होत्या त्या माझ्यामुळे. त्या बिचाऱ्या निघाल्यापासून म्हणत होत्या, घाई काय आहे. कणसांत घुसलो नसतो तर त्या देठाजवळून मीही तशीच पुढे गेले असते, स्पीकरवाल्यांच्या मागे.

हे लिहितेय तोवर जाऊबाईंनी ग्रुपवर कातीचा फोटो टाकलाय. धूसर, अर्ध्या फोटोत त्यांचाच अंगठा. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. कुणीतरी विचारलंय, "हे काय आहे?"

त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. मीही देणार नाहीये.