साक्ष ऐकायला बसलेले आणि सिनेमा बघायला बसलेले

आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. एखादा अमेरिकन ख्रिस्ती क्रीडापट आला, समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला, की हा मजकूर हजर. त्याचं सार असं: समीक्षकांना येशूचं नाव खपत नाही, प्रेक्षकांनी दिलेले गुणच खरे, आणि हे सिनेमे दाबायला हॉलिवूडने रेटिंगचंही हत्यार वापरलं. मी स्वतः रविवार न चुकवणारा माणूस आहे. तरी हे पटत नाही.

येशूचं नाव खपत नसेल तर ‘चॅरियट्स ऑफ फायर’चं काय करायचं? १९८१ चा सिनेमा. त्याच्या दोन नायकांपैकी एक एरिक लिडेल, मिशनरी घरातला स्कॉटिश धावपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, आली म्हणून तो धावलाच नाही. पुढे ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकला. सिनेमात इतर जण मैदानावर धावत असताना हा चर्चमध्ये उभा राहून बायबलमधल्या यशयाचा चाळिसावा अध्याय वाचतो. यापेक्षा उघड ख्रिस्ती प्रसंग तो कुठला? आणि या सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा धरून. तो जुना काळ होता म्हणाल, तर अमेरिकन फुटबॉलपटू कर्ट वॉर्नरवरचा ‘अमेरिकन अंडरडॉग’ २०२१ चा आहे. सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावणारा माणूस सुपर बोल, म्हणजे त्या खेळातला सर्वांत मोठा सामना, जिंकतो, आणि त्याची श्रद्धा कथेच्या मधोमध आहे. बहुसंख्य समीक्षकांनी त्याला बरं म्हटलं.

आता ज्याला खरोखर झोडपलं तो ‘फेसिंग द जायंट्स’ घ्या (२००६). जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने तो काढला. खर्च सुमारे एक लाख डॉलर, कामाला मंडळीतलेच हौशी लोक, आणि कमाई एक कोटीच्या घरात. या जिद्दीला मनापासून सलाम. डोळ्यांवर पट्टी बांधलेला पोरगा पाठीवर सहकारी घेऊन हातापायांवर अख्खं मैदान पार करतो, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन कोण जाणे. दर वेळी घसा दाटतो.

पण कथा बघा. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाचा संघ हरतोय, गाडी खटारा, घरात मूल नाही. तो देवाकडे वळतो. मग संघ जिंकू लागतो, नवा ट्रक दारात येतो, बायकोला दिवस जातात आणि शेवटी राज्याचं अजिंक्यपदही. “जिंकलो तरी स्तुती, हरलो तरी स्तुती” असा संघाचा बाणा. बाद फेरीच्या एका सामन्यात ते हरतातही. पण प्रतिस्पर्ध्यांनी वय उलटलेले खेळाडू खेळवल्याचं उघड होतं आणि आपला संघ पुन्हा स्पर्धेत! म्हणजे हरल्यावर स्तुती कशी करायची हे दाखवायची वेळ आली आणि पटकथेनेच पळ काढला. समीक्षकांनी याला सोपं, ठोकळेबाज म्हटलं. त्यांचं सोडा, ज्याने बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, नीतिमान असूनही सगळं गमावणाऱ्या माणसाचं, एकदा तरी सरळ वाचलंय, त्यालाही हे खटकायला हवं. ही तक्रार श्रद्धेविरुद्ध नाही, श्रद्धा स्वस्त केल्याबद्दल आहे.

‘द ब्लाइंड साइड’बाबत (२००९) तर मजकुराचा नेमच चुकतो. त्यातलं कुटुंब धार्मिक, शाळा ख्रिस्ती, तरी जगभरात तीस कोटी डॉलरच्या वर धंदा, आणि सँड्रा बुलकला ऑस्कर. टीका झाली ती श्रीमंत गोऱ्या कुटुंबाने काळ्या मुलाचा उद्धार करण्याच्या मांडणीवर. ज्याच्यावर सिनेमा बेतला त्या मायकेल ओहर या फुटबॉलपटूलाही आपल्याला बुद्धू दाखवल्याचं खटकलं होतं. येशूचा इथे संबंध काय?

प्रेक्षकांच्या गुणांची गोष्ट वेगळी आहे. प्रेक्षकांचं मत मोजणाऱ्या ‘सिनेमास्कोअर’ या अमेरिकन कंपनीचे लोक पहिल्याच दिवशी थिएटरात कार्ड वाटतात आणि पाहून निघालेल्यांकडून श्रेणी घेतात. ‘सोल सर्फर’, ‘वुडलॉन’, ‘ओव्हरकमर’, ‘अमेरिकन अंडरडॉग’ या सगळ्यांना ‘ए प्लस’ ही सर्वांत वरची श्रेणी मिळालीय. पण पहिल्या दिवशी जातं कोण? ज्याला पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं तो, युवक संघाने ज्याचं तिकीट काढलं तो. जेवणाच्या पंगतीत यजमानाच्या घरच्यांनाच विचारायचं, भाजी कशी झाली! ‘वुडलॉन’ला ए प्लस मिळूनही तो अमेरिकेत दीड कोटी डॉलरपर्यंतसुद्धा पोचला नाही. गुण खोटे नव्हते. ते देणारे एका विशिष्ट अपेक्षेने आले होते आणि ती पुरी झाली, एवढाच त्यांचा अर्थ. चर्चमध्ये आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाचं व्याकरण आपण तपासत नाही. तिकीट काढून आलेला परका माणूस तपासतो.

रेटिंगच्या तक्रारीत मात्र थोडा दम आहे. २००६ साली ‘फेसिंग द जायंट्स’ला ‘पीजी’ मिळालं, तेव्हा धार्मिक संदेशामुळे मिळालं असं निर्मात्यांच्या बाजूने सांगितलं गेलं आणि अमेरिकी संसदेच्या सदस्यापर्यंत ओरड पोचली. रेटिंग मंडळाचं म्हणणं, कारण मूल न होण्याची चर्चा वगैरे विषय. कोणाचं खरं धरायचं ते धरा. पण ‘पीजी’ म्हणजे बंदी नव्हे, आईवडिलांना सूचना. त्या गोंगाटाने सिनेमाची फुकट जाहिरातच झाली असणार.

‘अनब्रोकन’ची (२०१४) आठवण हा मजकूर कधीच काढत नाही. लुई झाम्पेरिनी, ऑलिंपिक धावपटू, जपान्यांचा युद्धकैदी, १९४९ साली बिली ग्रॅहम या सुवार्तिकाच्या सभेत त्याचं परिवर्तन झालं, म्हणजे तो येशूकडे वळला. दिग्दर्शक अँजेलिना जोलीने ते शेवटच्या पाटीवर उरकलं, आणि आपले लोक नाराज झाले. ती नाराजी रास्तच होती. म्हणून २०१८ साली परिवर्तनाचीच कथा सांगणारा दुसरा भाग आला. समीक्षकांनी नापास केला हे खरं, पण तिकीटबारीवर तो पहिल्याच्या जवळपासही गेला नाही. नाराज झालेले आपले लोक त्या आठवड्यात होते कुठे?

आता माझं म्हणणं जिथे लंगडतं तेही सांगतो. ‘व्हेन द गेम स्टँड्स टॉल’ (२०१४) हा कॅलिफोर्नियातल्या दे ला साल या कॅथलिक शाळेवरचा, सलग १५१ सामने जिंकून मग हरलेल्या फुटबॉल संघाचा सिनेमा. पराभव आहे, नम्रता आहे, ट्रक वगैरे काही नाही. माझ्या हिशेबाने समीक्षकांना तो आवडायला हवा होता. बहुतेकांना नाही आवडला. मी परवा पुन्हा लावला, आणि मध्यंतराआधीच डुलकी लागली.