तीन महिन्यांत पोट आत? त्या फॉरवर्डला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर असा: "लठ्ठपणा म्हणजे जिभेचे चोचले. आठवड्याला एक इंजेक्शन घ्या, काहीही खा, तीन महिन्यांत पोट आत. मग इंजेक्शन बंद."

चोचल्यांचं आधी. भुकेचा हिशेब मेंदू ठेवतो. वजन उतरलं की तो भूक वाढवतो आणि शरीर ऊर्जेचा खर्च आखडतं, म्हणून निग्रहाने घटवलेलं वजनही परत चढतं. त्याला आळस म्हणणं सोपं आहे, एवढंच.

तीन महिने? फॉरवर्डमधलं आठवड्याचं इंजेक्शन म्हणजे सेमाग्लुटाइड, भूक कमी करणारं औषध. ते ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं. दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि मग २.४. पूर्ण डोसपर्यंत पोचायलाच सोळा आठवडे. घाईने पायरी गाळली की उलट्या ठरलेल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या औषधाच्या चाचणीत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, पण ६८ आठवड्यांत, आणि आहार-व्यायामाच्या जोडीने.

'काहीही खा' हे सगळ्यात घातक. या औषधाने जठर सावकाश रिकामं होतं. तेलाची तर्री आणि भजी तासन्‌तास छातीशी बसतात. उलट चूकही तितकीच होते: भूक नाही म्हणून दिवसभर चहा-बिस्किटं. मग चरबीबरोबर स्नायूही झडतात. ताटात आधी मटकी, डाळ, अंडी किंवा दही संपवा, भाकरी नंतर. शेंगाचटणी चालेल, पण चमच्याने मोजून. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवा. मे महिन्यात उलट्या-जुलाब लागले तर पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो. अंगावर काढू नका.

आणि बंद केल्यावर? त्याच चाचणीतल्या काही जणांची पुढे वर्षभर नोंद ठेवली. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं.

फॉरवर्डमध्ये नसलेलंही सांगायला हवं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रक्तातली साखर घसरू शकते. त्यांचा डोस डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार) झाला असेल तर हे औषध नको. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. पोटात उठून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर थेट दवाखाना गाठा.

न उघडलेलं इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. उघडलेल्यालाही ३० अंशांची मर्यादा असते. आपल्या उन्हाळ्यात कपाटात ते तापमान सहज ओलांडतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं पेन वितळवून वापरू नका, टाकून द्या.