‘कन्नडचा पुळका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या, कन्नड बोलणाऱ्या गावांबद्दल लिहिलं होतं. म्हणणं साधं होतं. उमदी, संख, बालगाव या पट्ट्यात तलाठी कार्यालयातल्या, ग्रामपंचायतीतल्या, दुष्काळी मदतीच्या सूचना मराठीच्या शेजारी कन्नडमध्येही लावाव्यात आणि त्याचा खर्च सरकारनं करावा. उदाहरण म्हणून कॅनडाचा राजभाषा कायदा आणि तिथलं एक फ्रेंच रुग्णालय दिलं होतं. त्यावर ‘सीमावासी’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: बेळगावात मराठी माणसाला साधी पाटी मराठीत मिळत नाही आणि आपण इथं कन्नडचे लाड करायचे का, उद्या याच पाट्या पुढे करून कर्नाटक गावं मागेल, भाषांतराचा खर्च कोण करणार, कॅनडात एवढा पैसा ओतून फ्रेंच वाढली का, आणि कॅनडाच्या कायद्याचं साल तरी नीट लिहा. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो: ‘सांगलीत पंख्याखाली बसून कन्नडचा पुळका येणाऱ्यांना सीमेवरच्या माणसाचं दुखणं काय कळणार.’

आधी चूक मान्य करतो. कॅनडाचा राजभाषा कायदा १९६९ चा, मी १९६७ लिहिलं होतं. १९६७ हे महाजन आयोगाच्या अहवालाचं साल. सीमाप्रश्नाचे कागद समोर होते, त्यातलं साल इकडं आलं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता पंखा.

सीमावासी, मी जतच्या पूर्व भागातला भाचा आहे. माझी आई तिथली. गावाचं नाव देत नाही, कारण मामेभाऊ अजून तिथंच राहतात आणि तुमच्यासारखे लोक काय लिहितील याचा नेम नाही. आमच्या आजोळी आज्जीला ‘अव्वा’ म्हणायचे आणि मुंबईला गेलेला माणूस परत आला की आधी ‘ऊट आयता?’ विचारायचे, मग बाकीचं. मी पाचवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत गेलो होतो. थोरल्या मामांनी हाताला धरून पंचायतीपुढं नेलं. फळ्यावर रोजगार हमीच्या कामाची नोटीस डकवलेली होती. भाचा सांगलीच्या शाळेत, मराठीत पहिल्या तिघांत, म्हणून केवढ्या विश्वासानं त्यांनी विचारलं, ‘एन बरदार?’ काय लिहिलंय?

मी वाचायला लागलो. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘इच्छुकांनी विहित नमुन्यात’. विहित नमुना म्हणजे काय ते मलाच कळेना. मी म्हणालो, फॉर्म भरायचाय. मामा म्हणाले, कुठला? माहीत नाही. कुठं द्यायचा? माहीत नाही. मराठी मला येत होतं, सरकारी मराठी येत नव्हतं. मुदतीची तारीख खाली शिक्क्याच्या शाईत बुडाली होती, ती माझ्या नजरेतूनच सुटली. ती दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती, हे मामांना पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. मला ते काही बोलले नाहीत. पोराला काय बोलणार?

तेव्हा डोक्यावर पंखा नव्हता. गावात वीज होती, पण ती यायची आणि जायची.

तुम्ही ‘पुळका’ म्हणालात. पुळका परक्याचा येतो. पुतनामावशीच्या प्रेमाला पुळका म्हणा, हरकत नाही. आईच्या भाषेबद्दल जे वाटतं त्याला निदान आमच्याकडं तरी हा शब्द वापरत नाहीत. आई सांगलीत पन्नास वर्षं राहिली. भाजीवाल्याशी भांडायची ती मराठीत, हिशोब मनातल्या मनात करायची तो कन्नडमध्ये. शेवटच्या आजारात तिला मिरजेला दाखल केलं तेव्हा तापात तिची मराठी पहिल्यांदा गेली. वॉर्डातल्या मावशींनी क्षणभर ऐकलं आणि लगेच विचारलं, ‘एल्लि नोव अद री?’ कुठं दुखतंय? मला बाजूला होता आलं. मिरजेतल्या कितीतरी दवाखान्यांच्या पाट्या कन्नडमध्ये आहेत, कारण पेशंट विजापूर, अथणी, चिकोडीहून येतात. त्या पाट्यांसाठी कुठला जीआर निघाला होता? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा करणारा व्यापारी कन्नड शेतकऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो. त्याला कुणी घरभेदी म्हणत नाही, कारण त्याचा धंदा चालतो. ज्याचा धंदा बुडू शकतो तो बोलतोच आपल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत. सरकारचं काही बुडत नाही, म्हणून त्याला सांगावं लागतं.

आणि तुम्ही स्वतः कुठल्या सीमेवर राहता तेही एकदा सांगा. बेळगावच्या असाल तर पाय धरून माफी मागतो. कोथरूडच्या सीमेवरचे असाल तर तसंही कळवा.

बेळगावचं म्हणाल तर तिथला अन्याय मला शिकवू नका. पाट्यांवर साठ टक्के कन्नडची सक्ती करणारा कर्नाटकचा २०२४ चा कायदा मीही वाचला आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणीची आपली माणसं मराठीत कागद मागतात ती कशाच्या जोरावर? भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांच्याच ना? जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत द्यायच्या, हे त्यात आहे. घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, आणि ३५० अ प्रमाणं प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायची असते. हा कागद जतमध्ये आपणच फाडला तर बेळगावात कुठला दाखवणार? आपलं राज्य अगदीच काही करत नाही असंही नाही. बालभारती कन्नडमधून पुस्तकं छापते, जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पोराला कन्नडमधून शिकवायचं आणि त्याच्या बापाला नोटीस फक्त मराठीत द्यायची, हे कसलं धोरण?

(एक खरं. मी ‘जत तालुका कन्नड आहे’ असं सरसकट लिहिलं होतं. ते चुकलंच. जत शहर आणि पश्चिमेकडची गावं मराठी आहेत. हे तुम्ही नाही, दुसऱ्या एका वाचकानं नीट शब्दांत सांगितलं.)

कर्नाटक गावं मागेल या भीतीवर फार लिहीत नाही. २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांचा विषय काढला, तो कर्नाटकात जाऊ म्हणणाऱ्या २०१२ च्या गावठरावांच्या आधारावर. ते ठराव पाण्यासाठी होते. पाटी कुठल्या भाषेत आहे यावर रागावून कुणी ठराव केला नव्हता. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचवा, मग बघू कोण कुठं जातं. खर्चाचं तर बोलायलाच नको. फळ्यावर दुसरा कागद डकवायला किती खळ लागते?

राहिला कॅनडा. फ्रेंच ही पहिली राजभाषा म्हणून बोलणाऱ्यांचा टक्का २०१६ मध्ये २२.२ होता, २०२१ मध्ये २१.४ झाला, हे तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. पण टक्का उतरला म्हणून सोय काढून घ्या म्हणणं म्हणजे पाऊस कमी पडला म्हणून बंधारा फोडण्यासारखं आहे. ओटावातल्या माँफोर या फ्रेंच रुग्णालयाला टाळं लावायचा घाट १९९७ मध्ये ओंटारियो प्रांतात घातला गेला. लोक कोर्टात गेले आणि २००१ मध्ये अपील कोर्टानं ते वाचवलं. मी ते उदाहरण का दिलं होतं, हे मिरजेचं वर वाचल्यावर तुम्हाला कदाचित कळेल. नाही कळलं तरी आता आणखी समजावत बसणार नाही.

तुमची पहिली प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, ‘पुळक्या’सकट. रात्री पावणेबाराला टाकलेली दुसरी, ज्यात ‘आई कुठली ते आधी सांगा’ असं विचारलं होतं, ती काढली. उत्तर वर दिलंच आहे.